मिठागराचं मीठ चालत नाही

मुंबईत समुद्राचं पाणी हवं तितकं फुकट मिळतं, पण घरातल्या प्रवाळाच्या टाकीसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात नाल्या-खाड्यांचं गोडं पाणी मिसळून त्याचा खारटपणाही उतरतो. त्यामुळे माझ्या भाच्याने बोरिवलीच्या घरात रीफ टँक करायचं ठरवलं, तेव्हा समुद्र तयार करायला सुरुवात झाली ती स्वयंपाकघरातल्या नळापासून. मी अधूनमधून जात राहिले. कधी बादली धरली, पण बहुतेक वेळा खुर्ची ओढून नुसती बघत बसले.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय थोडे फॉस्फेट आणि सिलिकेट. माणसाला त्याचं काही वाटत नाही, शेवाळ्याला मात्र ती मेजवानी. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणीही चालत नाही, कारण बरीचशी यंत्रं चवीसाठी थोडे क्षार पाण्यात परत सोडतात. म्हणून आरओच्या पुढे रेझिनची आणखी एक नळी जोडायची आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत पाणी गाळायचं. एक बादली शुद्ध पाण्यामागे दोन-तीन बादल्या वाया जातात. माझ्या बहिणीने ते लादी पुसायला आणि झाडांना वापरायला घेतलं, तेव्हा कुठे घरातली कुरबूर थांबली.

मग मिठाचा डबा आला. त्याची किंमत ऐकून बहीण म्हणाली, "अरे, भाईंदरला मिठागरं आहेत ना!" तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात आवडलेलं आहे. मिठागरात पाणी आटत जातं तसे क्षार एकामागून एक खाली बसतात. आधी चुनखडी, मग जिप्सम, आणि त्यानंतर आपलं मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम उरतात ते शेवटच्या कडवट पाण्यात, आणि मीठ ओढून घेतलं की ते पाणी बाहेर काढून देतात. म्हणजे आपण जे मीठ खातो ते समुद्रातून बाकीचं बहुतेक सगळं वगळून उरलेलं असतं. प्रवाळाला नेमकं ते वगळलेलंच लागतं: लिटरमागे 400 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, त्याच्या तिप्पट मॅग्नेशियम, आणि सांगाडा बांधायला बायकार्बोनेट. डब्यातल्या महागड्या मिठात हे सगळं मापून परत घातलेलं असतं.

लिटरला साधारण 35 ग्रॅम. मीठ पाण्यात घालायचं, पाणी मिठावर ओतायचं नाही. थोड्या पाण्यात जास्त मीठ झालं की कॅल्शियमचा पांढरा चुरा होऊन तळाशी बसतो आणि पुन्हा विरघळत नाही. पिंपात पंप सोडून पाणी रात्रभर फिरवलं. सकाळी भाच्याने खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून खिडकीकडे धरला आणि मला बघायला दिला. निळ्या-पांढऱ्याची सीमा 35 वर होती.

टाकी तीन फुटी. काच, पाणी, खडक, खालची गाळणीची टाकी आणि स्टँड मिळून वजन तीनशे किलोच्या पुढे जातं, त्यामुळे ती हॉलच्या मध्यात न ठेवता तुळईजवळ, भिंतीला लागून ठेवली. वायरींना बोर्डाच्या खाली झोळ दिला, म्हणजे खारं पाणी वायरवरून ओघळलं तरी झोळातून खाली गळेल, प्लगपर्यंत पोचणार नाही.

खडकाशी येऊन मात्र काम अडलं. जगभर या छंदाचा बराच काळ पाया राहिला तो 'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातून उचललेला, जीवजंतूंनी भरलेला खडक. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली, तिच्यात गाळणी नव्हतीच. समुद्राचं पाणी, जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांची टाकी चालायची. भारतात तो रस्ता बंद आहे, आणि माझ्या मते तो बंद आहे हेच बरं. प्रवाळखडक बांधणारे सगळे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ सापडले, तेव्हा 2020 मध्ये ते हलवण्याआधी महापालिकेलाही परवानगी काढावी लागली होती. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा तुकडाही या कायद्यातून सुटत नाही. तरी एका दुकानात भाच्याला "घ्या हो, सगळे घेतात" असं ऐकवण्यात आलं. तो तिथून निघाला आणि भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र, हाताने घडवलेले दगड घेऊन आला.

ते दगड पूर्ण निर्जीव होते. जिवंत खडक गुपचूप जी कामं करतो ती आता एकेक करून आणावी लागणार होती. मला तो तोटा वाटला नाही, कारण त्यामुळेच ती कामं दिसली तरी. पहिलं काम जिवाणूंचं. माशाची विष्ठा आणि उरलेलं अन्न सडून अमोनिया होतो, आणि तो विषारी असतो. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू दगडाच्या छिद्रांत वसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकीत मासा नाही, फक्त पाणी आणि दगड. भाचा बाटलीतले जिवाणू सोडून वर अमोनियाचे थेंब घालायचा आणि काचनळीत रंग बघायचा. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे संपला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा टाकीपुढे उभा राहून एकच प्रश्न विचारायचा, "मासे कुठे आहेत?" शेवटी बहिणीनेच उत्तर देऊन टाकलं, "मासे गावाला गेलेत."

हिरवा रंग उतरला तशी नायट्राइटची निळी नळी जांभळी झाली. पहिली जात कामाला लागली होती, दुसरीची वाट होती. मग एका सकाळी थेंब घातल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्या साफ, आणि नायट्रेटची तेवढी लाल.

त्यानंतर टाकी कुरूप झाली. आधी दगडांवर तपकिरी डायटमचा थर चढला, मग हिरवं केसाळ शेवाळ. बहीण नारळाचा काथ्या घेऊन घासायला निघाली होती, तिला आवरावं लागलं. शेवाळ खायला गोगलगायी सोडल्या. त्यांच्या शंखांवर जांभळे ठिपके होते, चुनखडीयुक्त शेवाळाचे. काही आठवड्यांनी तसाच एक ठिपका पंपाच्या कडेला दिसला, नंतर दगडावर. जिवंत खडकावर हा जांभळा रंग पहिल्या दिवसापासून असतो, तेव्हा तो कुठून आला हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

खालच्या टाकीत प्रोटीन स्किमर घरघरत असतो. मला बघायला सगळ्यात आवडतं ते हेच यंत्र. पाण्यात अतिबारीक बुडबुडे सोडले की सेंद्रिय घाण त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून वर चढते आणि फेस होऊन वाटीत साचते. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढतात तेच काम, फक्त इथे चूल नाही आणि मळी सुटायला घालतात ते भेंडीचं पाणीही नाही. गोड्या पाण्यात हे यंत्र नीट चालत नाही. तिथे बुडबुडे मोठे होऊन फुटतात, मिठाने ते बारीक राहतात. वाटीतल्या द्रवाच्या वासाबद्दल न लिहिलेलंच बरं.

मुंबईत हीटर लागत नाही, चिलर लागतो. पाणी 25-26 अंशांवर हवं आणि मे महिन्यात खोलीच 33 वर असते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने बराच गारवा येतो. इथल्या दमट हवेत पंखा नुसता फिरतो. चिलर पाण्यातली उष्णता काढून हॉलमध्ये टाकतो, मग हॉलचा पंखा वाढवायचा, आणि विजेच्या बिलावरून पुन्हा बहिणीशी बोलणी.

पहिली जोडी क्लाउनफिशची आली, हॅचरीत जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पिल्लं वाढवायचं तंत्र आपल्याकडे बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरज उरत नाही. दोघांतला मोठा पुढे मादी होणार, ही त्यांच्या जातीची रीत. समुद्रात त्यांचं घर म्हणजे समुद्रफूल, पण ते या दोघांनी जन्मात पाहिलेलं नाही. ते पंपाच्या मागच्या कोपऱ्यात घर करून बसले आणि त्याची राखणही करू लागले.

प्रवाळ आले ते मऊ, दुसऱ्या एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेल्या वसाहतीतून कापून दिलेले. दगडी प्रवाळ ठेवायचेच नाहीत, हे भाच्याने आधीच ठरवलं होतं. त्यांतल्या झोअँथिड नावाच्या प्रकाराचा तुकडा चिकटवताना त्याने हातमोजे आणि चष्मा घातला. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं आणि ते वाफेतूनही बाधतं, म्हणून असा दगड उकळायचा तर कधीच नाही. निळ्या दिव्याखाली दोन दिवस ते मिटून राहिले, मग उघडले. त्या तुकड्याबरोबर न बोलावलेली मंडळीही आली होती. रात्री टॉर्च मारला की काचेवर कोपेपॉड नावाचे ठिपक्याएवढे जीव धावताना दिसतात.

गणपतीला सगळे कोकणात गेले, तेव्हा किल्ली माझ्याकडे होती. सूचना भिंतीवर चिकटवलेल्या: खाणं चिमूटभर, दिवसाआड. वीज गेली तर बॅटरीचा हवापंप आपोआप सुरू होईल, तो होतोय एवढं बघ. पाण्याची पातळी रेघेच्या खाली गेली तर पिंपातलं गोडं पाणी घाल. पाणी उडून जातं पण मीठ टाकीतच राहतं, म्हणून भर नेहमी गोड्याचीच. याखाली दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य होतं: मावशी, मिठाच्या डब्याला हात लावू नकोस. पहिल्या संध्याकाळी पातळी रेघेखाली दोन बोटं होती. मी दीड तांब्या गोडं पाणी घातलं.