आधी नसबंदी, मग माया

फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये 300 हून जास्त मांजरं सापडली. अशी सुरुवात बहुधा दयेनेच होते. पण मांजर सहा महिन्यांतच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते. नसबंदी नसेल तर खाणं, साफसफाई, औषध काहीच पुरत नाही, आणि घरची बाई लाजेने कुणाला सांगत नाही.

आमच्या लोणावळ्यात वेगळंच. मालक मुंबईला, कुत्रा बंगल्यात साखळीला. जनावर उपाशी ठेवणं, विनाकारण सोडून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र 10 ते 50 रुपये. चिक्की महाग पडते!

असं दिसलं तर कुलूप तोडू नका. फोटो काढा, 112 ला कळवा. शेजारीण असेल तर ओरडू नका; दोन-दोन मांजरं नसबंदीला न्यायला आम्ही बचत गटातल्या येतो, म्हणा.