शाळा-कचेरीतील रद्दी : डब्याआधी खरेदीदार
(लेखमाला : कचऱ्याचा कारभार, लेखांक ६)

मागील लेखांकात ग्रामपंचायतीच्या घंटागाडीचा विचार झाला. घरातला कचरा आणि संस्थेतला कचरा यांत मोठा फरक आहे. घरातली रद्दी कोणी विकायची आणि पैसे कोणी ठेवायचे हे विचारावे लागत नाही. शाळेत, बँकेत किंवा पोलीस ठाण्यात मात्र जमलेला कागद विकण्याचा अधिकार कोणाला आणि आलेली रक्कम कोणत्या खात्यात भरायची, हे एक तर ठरलेले नसते, किंवा इतक्या कागदपत्रांनी ठरलेले असते की विकण्यापेक्षा साठवून ठेवणेच सोपे जाते. वाशीम–पुसद रस्त्यावरील अनसिंगसारख्या मोठ्या गावात अशा संस्था डझनाने असतात आणि त्यांच्या पुनर्चक्रणाच्या, म्हणजे टाकाऊ वस्तूचा पुन्हा कच्चा माल करण्याच्या, योजना बहुधा याच जागी अडतात. जनजागृती कमी पडली म्हणून योजना फसली, हे निदान सोयीचे असले तरी बरोबर नाही.

योजना सुरू होते ती हिरवे आणि निळे डबे विकत घेऊन. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २०००-०१ पासून महाराष्ट्रातील खेड्यांना जी शिस्त लावली तिचे श्रेय मोठे आहे. परंतु गुणांकनाच्या सगळ्याच मोहिमांना एक खोड असते, ती अशी की तपासणी समितीच्या नजरेला जे पडते ते आधी उभे राहते, आणि डबा नजरेला पडतो, भंगारवाल्याची फेरी पडत नाही. मग दोन डब्यांत वेगवेगळा गोळा केलेला कचरा संध्याकाळी एकाच खड्ड्यात रिता होताना मुले पाहतात, आणि एकदा ते पाहिल्यावर भिंतीवर कितीही घोषवाक्ये रंगवली तरी वर्गीकरण टिकत नाही.

म्हणून विचार उलट्या टोकापासून करावा लागतो. गावातला भंगारवाला माल घेतो, तो मोठ्या गावच्या ठोक व्यापाऱ्याला देतो, तिथे गठ्ठे बांधले जातात आणि ट्रकने कागद गिरणीकडे, प्लास्टिक दाणे करणाऱ्या कारखान्याकडे जाते. या साखळीत सर्वांत महाग गोष्ट वाहतूक असते, त्यामुळे हलका आणि फुगलेला माल कोणालाच नको असतो. कागदातही पांढरा लिहिलेला कागद, वर्तमानपत्र आणि पुठ्ठा यांचे भाव निराळे; तिन्ही मिसळले की सगळ्याला मिळतो तो सर्वांत खालचा भाव, आणि भिजले तर तोही नाही. पाण्याची बाटली एका जातीच्या प्लास्टिकची असते आणि तिचे झाकण दुसऱ्या. झाकण काढून बाटली चेपली तर एका पोत्यात कितीतरी जास्त बाटल्या बसतात. तेव्हा मुख्याध्यापकाने किंवा कार्यालयप्रमुखाने डबे घेण्यापूर्वी भंगारवाल्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत : कोणकोणता माल घेणार, किमान किती किलो झाल्यावर येणार आणि महिन्याच्या कोणत्या दिवशी येणार. या उत्तरांवरून डबे किती हवेत ते ठरते, आणि पुष्कळदा असे आढळते की डबा नकोच, कोरड्या खोलीत दोन पोती पुरतात.

या विषयातील महाराष्ट्राचा सर्वांत मोलाचा अनुभव पुण्याचा आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कचरावेचक स्त्रियांशी संबंध आला, आणि त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे तिच्याच प्रेरणेने ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. आरंभीच्या प्रयोगात दिसून आले ते असे, की कचराकुंडीत उकरण्याऐवजी माल थेट घरातून वेगळा केलेला मिळाला तर वेचक स्त्रीचे काम कमी घाणीचे होते आणि कमाई वाढते. अर्थात वर्गीकरण टिकते ते त्यावर कोणाचे तरी पोट अवलंबून असते म्हणून. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ उपक्रमानेही नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हेच सूत्र धरून प्रशिक्षित कचरावेचक स्त्रियांकडे कचऱ्याचे काम सोपवले.

खेड्यातील शाळेत या सूत्राला एक अवघड बाजू आहे, आणि तिच्याविषयी सहसा बोलले जात नाही. अनेक ठिकाणी रद्दीचे चार पैसे आजवर शिपाई किंवा सफाईचे काम करणारी बाई घेत आलेली असते. नवी योजना येते, रद्दीचे पैसे ‘हरित निधी’त जातात, आणि ज्या हातांनी कचरा वेगळा ठेवायचा त्यांचेच उत्पन्न बुडते. त्यानंतर वर्गीकरण का होत नाही, हे विचारण्यात अर्थ नाही. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून विक्रीतला ठरावीक हिस्सा त्या व्यक्तीला उघडपणे देणे हा यावरचा उपाय असून तो कोणत्याही पोस्टरपेक्षा स्वस्त पडतो.

शाळेच्या रद्दीला हंगाम असतो. वार्षिक परीक्षेनंतर, एप्रिलच्या अखेरीस, वह्या आणि सराव उत्तरपत्रिका एकदम मोकळ्या होतात. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि तोवर मृगाचा पाऊस होऊन गेलेला असतो. सुट्टीत गळक्या खोलीत पडलेली रद्दी जुलैत कवडीमोल होते. म्हणून विक्री निकालाच्या आठवड्यात उरकावी. त्याआधी चांगली पाठ्यपुस्तके खालच्या वर्गासाठी बाजूला काढावीत, कारण पुस्तक तसेच पुन्हा वापरणे हे त्याचा लगदा करण्यापेक्षा केव्हाही श्रेष्ठ, आणि प्रत्येक पुनर्चक्रणात कागदाचा तंतू आखूड होत जात असल्याने लगद्यालाही मर्यादा आहे. पोषण आहारातील उरलेल्या खिचडीचा प्रश्न त्या मानाने सोपा : सुक्या पाल्याचे थर देऊन केलेले खत शाळेच्या परसबागेत लागते, म्हणजे खरेदीदार आवारातच असतो.

चिप्स-कुरकुऱ्यांच्या पुड्यांना मात्र खरेदीदारच नाही. त्या प्लास्टिक आणि धातूच्या पातळ थरांच्या असतात. थर सुटे करता येत नाहीत, म्हणून त्यांचे पुनर्चक्रण जवळजवळ होत नाही आणि फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून त्या जाळता येतात. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी प्लास्टिक कचऱ्याच्या व्यवस्थापनाची जबाबदारी प्रथमच ग्रामपंचायतींपर्यंत आणली, आणि स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र अपेक्षित आहे. पण शाळेपुरता खरा उपाय म्हणजे पुड्या फाटकाच्या आत न येऊ देणे.

कचेरीतील कागदाची गोष्ट वेगळी, कारण तिथे रद्दी ही आधी अभिलेख असते. महाराष्ट्रातील कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत : ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षे ठेवायचा, ‘क’ त्याहून कमी मुदतीचा आणि ‘ड’ वर्षभरानंतर नष्ट करायचा. शाळेचे जनरल रजिस्टर कायम जपावे लागते. किरकोळ पत्रव्यवहार लागत नाही. दप्तर सहा गटांत लावण्याच्या ‘सहा गठ्ठे पद्धती’त तर सहावा गठ्ठा नष्ट करावयाच्या कागदांचाच असतो, म्हणजे पुनर्चक्रणाची तरतूद प्रशासनाने फार पूर्वीच करून ठेवली आहे. अनिलकुमार लखीना यांनी अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना राबवलेला ‘लखीना पॅटर्न’ आणि २०१७ मध्ये पुणे विभागात चंद्रकांत दळवी यांनी सुरू केलेली ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम यांचा भर कामाच्या निपटाऱ्यावर होता, परंतु दप्तर लावले गेले की टाकाऊ कागद आपोआप वेगळा होतो. गोपनीयतेसाठी यंत्राने बारीक कातरलेल्या कागदाला भाव कमी येतो, कारण तंतू तुटतात. तेव्हा कातरायचे ते मोजकेच.

बंद पडलेले संगणक हा सर्वांत किचकट भाग. त्यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते आणि निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याची, मंजुरी मिळेपर्यंत ते हलवता येत नाहीत. मंजुरी मिळालीच तर ते भंगारवाल्याकडे न जाता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण संस्थेकडे जायला हवेत, कारण जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते आणि ती उघड्यावर फोडली जाते. पण चार संगणकांसाठी अशी संस्था अनसिंगपर्यंत गाडी पाठवणार नाही. एका केंद्रातील, म्हणजे शाळासमूहातील, सर्व शाळांचे निर्लेखन प्रस्ताव एकाच महिन्यात एकत्र मंजूर करून माल केंद्रशाळेत जमवला, तर गाडी भरते आणि फेरी परवडते. त्यासाठी लागणारे कागदपत्र आणि अधिकारांची साखळी हा पुढील लेखांकाचा विषय आहे.