मे महिन्यातले छोटे शास्त्रज्ञ

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकालाला अवकाश असतो आणि अकरावीच्या प्रवेशाची धावपळ त्याच्याही पुढची. या मधल्या फटीत पूर्वी मुलं आजोळी जायची, पोहायला शिकायची, फार तर टायपिंगचा क्लास लावायची. आता तिथे ‘रिसर्च इंटर्नशिप’ येऊन बसली आहे. न्यू जर्सीतल्या मावसभावानं सुट्टीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम केल्याचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो आणि इकडे आईबाबांना वाटायला लागतं, आपलंच पोर मागे राहिलं. मग चौकशा सुरू होतात, आणि चौकशांबरोबर गैरसमजही.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे अशा इंटर्नशिपचं प्रमाणपत्र आयआयटीच्या किंवा मेडिकलच्या प्रवेशाला उपयोगी पडतं. नाही पडत. जेईई आणि नीटच्या गुणवत्ता यादीत त्याला शून्य किंमत आहे. आयसरसारख्या, ज्यांचा जन्मच संशोधनासाठी झाला अशा संस्थाही आज प्रवेश देतात तो आपल्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टवर. शाळकरी वयातली विज्ञानाची आवड प्रवेशात थेट मोजली जाते ती ऑलिम्पियाडच्या वाटेनं. कानपूर आणि मद्रासच्या आयआयटींनी अलीकडे ऑलिम्पियाडमध्ये चमकलेल्या मुलांसाठी प्रवेशाचा वेगळा दरवाजा उघडला आहे. तिथे कसोटी लागते ती अवघड प्रश्न सोडवण्याची. सुट्टीत कुणाच्या हाताखाली काम केलं, हे तिथे कुणी विचारत नाही.

अमेरिकेचं गणित वेगळं, हे खरं. तिथली विद्यापीठं मुलानं शाळेबाहेर काय केलं ते बघतात. पण म्हणून फी भरून केलेल्या कोर्सचं वजन पडतंच असं नाही. ज्या उन्हाळी कार्यक्रमांचा तिथे खरा दबदबा आहे, त्यांतला एक म्हणजे एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट. 1984 पासून चालू असलेला हा सहा आठवड्यांचा कार्यक्रम निवड झालेल्यांकडून शिकवण्याची किंवा राहण्याजेवणाची फी घेत नाही. निवड मात्र अतिशय कडक. स्टोनी ब्रूक विद्यापीठाचा सायमन्स कार्यक्रम तर अमेरिकेचे नागरिक आणि कायमचे रहिवासी यांच्यापुरताच आहे. मावसभावाला तो खुला, इथल्या भावंडांना नाही. अशा वेळी पैसे घेऊन ‘मार्गदर्शक आणि शोधनिबंध’ दोन्ही देणाऱ्या कंपन्या पुढे येतात. अमेरिकेतल्या ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेनं 2023 मध्ये या धंद्यावर सविस्तर लिहिलं होतं. शाळकरी मुलांचे निबंध छापून आणण्याची हमी विकली जाते, आणि ते जिथे छापले जातात तिथली तपासणी कित्येकदा नावापुरती असते. काही आठवड्यांत निबंध छापून देण्याचं वचन कुणी देत असेल, तर त्या निबंधाचं उत्तर प्रयोगाआधीच ठरलेलं असतं असं मी तरी धरून चालेन.

‘ओळख काढली तर टीआयएफआरमध्ये महिनाभर बसवतील’ हेही बऱ्याचदा कानावर येतं. मोठ्या संस्थांचे बहुतेक उन्हाळी संशोधन कार्यक्रम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहेत. टीआयएफआरचा, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, तसाच, आणि देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात ती उन्हाळी फेलोशिपही तशीच. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा ‘नियस’ हा उपक्रमही पदवीच्या मुलांचा. (जाता जाता: सहावी-नववीची ‘होमी भाभा बालवैज्ञानिक’ स्पर्धा हे केंद्र घेत नाही. ती मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना घेते. नाव एकच असल्यानं निम्मे पालक चुकीच्या दारात उभे असतात.) शाळकरी मुलांना या कार्यक्रमांत न घेण्यामागे आकस नाही. प्रयोगशाळेत घातक रसायनं असतात, लेझर असतात, आणि नव्या माणसाला उपकरणावर हात बसायलाच कित्येक आठवडे जातात. पंधरा वर्षांच्या मुलाची जबाबदारी घ्यायला वेळ आणि माणसं लागतात.

मग शाळकरी मुलांसाठी काय आहे? आहे, पण ‘इंटर्नशिप’ या नावाखाली शोधाल तर सापडणार नाही. इस्रोचा ‘युविका’ हा कार्यक्रम 2019 साली सुरू झाला. नववीतल्या मुलांना दोन आठवडे तिरुवनंतपुरम, श्रीहरिकोटा, अहमदाबाद अशा केंद्रांवर नेतात. प्रवास, राहणं, जेवण, सगळा खर्च इस्रोचा. हुशार शहरी मुलांचीच तिथे वर्णी लागते, हा समजही चुकीचा. आठवीच्या गुणांना निम्मं वजन असतं, पण ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला त्याचे वेगळे 15 टक्के मिळतात. खेड्यापाड्यांतल्या शाळांनी हे फळ्यावर लिहून ठेवायला हवं. मात्र तिथे व्याख्यानं, प्रयोग आणि केंद्रांची पाहणी असते, संशोधन नसतं. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत आठवी-नववीच्या मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम होत आला आहे, आणि तो मला या सगळ्यांत जास्त आवडतो. मुलं आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर असतात आणि ठरवून दिलेला अभ्यासक्रमच नसतो. काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं.

आता थोडं शोधांबद्दल. ‘शाळकरी मुलांनी लघुग्रह शोधला’ अशी बातमी अधूनमधून झळकते. ती खोटी नसते, पण अर्धीच असते. एका आंतरराष्ट्रीय उपक्रमात हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं काही मिनिटांच्या अंतरानं टिपलेली चित्रं शाळांच्या गटांना विनामूल्य मिळतात. ती एकामागून एक बघत हलणारा ठिपका हुडकायचा आणि कळवायचा. ती झाली पहिली नोंद. तो ठिपका इतरांना पुन्हा दिसला पाहिजे, मग त्याला तात्पुरतं नाव मिळतं. कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळायला वर्षं जातात, आणि नाव ठेवण्याचा प्रश्न त्यानंतरचा. मूल तोवर कॉलेज संपवून नोकरीला लागलेलं असू शकतं. तरीही हे काम खरं आहे, कारण त्या चित्रांत काय आहे हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.

उरला उपकरणांचा बाऊ. संशोधनाला मोठी प्रयोगशाळाच लागते असं मानणाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या माठाकडे बघावं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण 2,400 ज्यूल उष्णता खेचली जाते. एक लिटर पाणी एका अंशानं गार करायला सुमारे 4,200 ज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे माठातलं पाच लिटर पाणी आठ अंशांनी उतरायला हिशेबानं 70 ग्रॅम पाणी उडून जायला हवं. आता माठ वजनकाट्यावर ठेवा आणि खरंच किती उडालं ते बघा. आकडा जास्त येईल, कारण बाहेरची उष्णता आत शिरत राहते. किती जास्त? नव्या माठात आणि दोन उन्हाळे वापरलेल्या माठात फरक पडतो का? थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याच्याखाली माठातलं पाणी जाऊ शकत नाही. म्हणूनच रत्नागिरीच्या दमट हवेत माठ हिरमुसतो आणि नागपुरात मे महिन्यातही गारेगार पाणी देतो. एक भाऊ इथे, एक बहीण तिथे, दोघांनी रोज दुपारी तीन वाजता नोंद केली तर महिन्याभरात एक छोटा, चोख अभ्यास हाती येईल. खर्च दोन थर्मामीटरचा.

मात्र नोंदवही प्रामाणिक हवी. ज्या दिवशी विसरलो, ती जागा रिकामी. अपेक्षेपेक्षा वेगळं रीडिंग आलं तर ते खोडायचं नाही. आणि सुरक्षिततेचे नियम घरालाही लागू असतात. शाळकरी संशोधकांच्या आयसेफ या जागतिक मेळाव्यात घरी जिवाणू वाढवून केलेला प्रकल्प चालतच नाही. भाकरीवरची बुरशी बशीत वाढवण्याची हौस शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर भागवावी.

शेवटचा समज सगळ्यात साधा: ‘आधी दहावी होऊ दे, मग बघू.’ युविकाची नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि ती नववीतल्यांसाठी असते. आयुकाचा कार्यक्रमही नववीपर्यंतचाच. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलासाठी ही दोन्ही दारं वर्षभरापूर्वीच बंद झालेली असतात. लघुग्रहांची चित्रं त्याला तेव्हाही मिळू शकतात, आणि माठ तर घरातच आहे. घरात सातवी-आठवीतलं मूल असेल, तर येत्या जानेवारीत शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना एकदा विचारून ठेवावं.