रंगाच्या थराखालचे शिलेदार

ब्रिटनमध्ये वॉरगेमच्या, म्हणजे छोटे शिपाई मांडून टेबलावर लढाई खेळणाऱ्यांच्या, जत्रा भरतात, तिथे बहुतेक वेळा एका कोपऱ्यात ‘ब्रिंग अँड बाय’चं टेबल असतं. कुणी माळा रिकामा केलेला असतो, कुणी घर बदलत असतं, कुणाचे वडील गेलेले असतात. बुटांची खोकी, आइस्क्रीमचे डबे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणि त्यांत कोंबलेले शिशाचे शिपाई. तलवारी वाकलेल्या, भाले मोडलेले, स्वार घोड्यांवरून निखळलेले. कित्येकांवर रंगाचे थर इतके जाड, की नाक-डोळे बुजून गेलेले. मी नॉटिंगहॅमला राहते, आणि असे डबे घरी आणून त्यांतली माणसं पुन्हा उभी करते.

या छंदासाठी याहून योग्य गाव नाही. गेम्स वर्कशॉप ही कंपनी 1975मध्ये लंडनला सुरू झाली. तिच्या पाठबळावर ब्रायन अँसेल यांनी त्या दशकाच्या शेवटी इथून जवळच्या न्यूअर्कमध्ये सिटाडेल मिनिएचर्स काढली. 1983मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि बोटभर उंचीच्या धातूच्या योद्ध्यांची मागणी कुठल्या कुठे गेली. गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आज नॉटिंगहॅमच्या लेंटन भागात आहे. तिथे हात तयार झालेल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने थाटले. मायकेल आणि ॲलन पेरी हे जुळे भाऊ त्यांतले सर्वांत नावाजलेले. छंदाच्या जगात या सगळ्या परिसराला ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. टेबलावर लढाई खेळायची कल्पना अर्थात याहून बरीच जुनी आहे. एच. जी. वेल्स यांनी 1913मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, तेव्हा ते खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाचे तुकडे उडवून शिशाचे शिपाई पाडत होते.

डबा घरी आला की पहिला प्रश्न पडतो, जुना रंग काढायचा की ठेवायचा? वेल्स यांच्या काळातले शिपाई ब्रिटन्स कंपनीचे होते. 1893पासून ती पोकळ ओतकामाचे सैनिक कारखान्यातच रंगवून विकत असे. त्यांचा रंग हा वस्तूचाच भाग आहे. तो खरवडला तर मूळ वस्तूच गेली, म्हणून जाणकार संग्राहक त्याला हात लावत नाहीत. वॉरगेमच्या मिनिएचरचं तसं नाही. ती बहुधा रंग न देताच विकली जाते. रंगवणं हे पहिल्यापासून घेणाऱ्याचं काम, त्यामुळे तिच्यावरचा प्रत्येक रंग हा कुठल्या ना कुठल्या मालकाने नंतर चढवलेला. पक्की गोष्ट एकच असते, शिल्पकाराने जे घडवलं ते. माझ्या दृष्टीने जीर्णोद्धार म्हणजे ते घडवलेलं पुन्हा दिसू लागणं. जुना रंग पातळ असेल आणि हात चांगला असेल, तर मी तो साबणाच्या पाण्याने धुते, टवके उडालेल्या जागा भरते आणि थांबते. रंगाने घडण झाकली असेल, तर मात्र तो उतरवते.

एका डब्यात मला मराठे स्वार मिळाले. असईची लढाई इथल्या खेळाडूंच्या आवडीची. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, भिडला. जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नव्हत्या. इतक्या मोठ्या सेनापतीची इतकी अटीतटीची लढाई म्हटल्यावर इंग्लंडमध्ये तिचे शिपाई ओतले जाणारच. माझे स्वार जुन्या 25 मिलिमीटर मापाचे होते. हातात भाला, पाठीवर गोल ढाल, अंगरखा, पगडी. कुणीतरी ते चकचकीत एनॅमलने रंगवले होते आणि सगळ्यांचे चेहरे गुलाबी होते. ज्या पोराने ते रंगवले त्याच्या डबीवर ‘फ्लेश’ असं लिहिलेलं असणार, आणि त्या डबीत एकाच मुलखाची कातडी होती.

रंग उतरवायला इथे पुष्कळ जण डेटॉल वापरतात. हो, तेच, गुडघा फुटल्यावर आई लावायची ते. पाणी न घालता बरणीत ओतायचं, त्यात आकृत्या बुडवायच्या आणि झाकण लावून ठेवायचं. ॲक्रिलिक एका दिवसात सुटतं. जुनं एनॅमल हट्टी, ते जास्त वेळ घेतं. मग हातमोजे घालून, खिडकी उघडून, जुन्या टूथब्रशने घासायचं. मात्र ब्रश डेटॉलमध्येच बुडवायचा. सुटलेल्या रंगाला डेटॉलसोबत पाणी लागलं, की त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि तो कोरीव रेषांमध्ये जाऊन बसतो. रंग पूर्ण निघाल्यावरच भांड्यांच्या साबणाने धुवायचं. घरात मांजर असेल तर बरणी तिच्या वाटेत ठेवू नये, हे द्रव्य मांजरांना विषारी असतं. जुना सुपरग्लू सुटत नसेल, तर आकृती पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवते. थंडीने तो ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने सांधा मोकळा होतो.

मग धातू दिसतो, आणि माझ्यासाठी या कामातला सर्वांत सुखाचा वेळ सुरू होतो. भिंगाखाली एकेक आकृती धरून मी नुसती बघत बसते. शिल्पकाराने आधी तारेच्या सांगाड्यावर पुट्टीत ही आकृती घडवलेली असते. ती रबराच्या दोन तबकड्यांमध्ये दाबून उष्णतेने आणि दाबाने साचा पक्का करतात. तो साचा गरगर फिरवत मध्यभागी वितळलेला धातू ओतला, की तो कडेच्या पोकळ्यांत पळतो. साचा दोन भागांत उघडायचा असल्यामुळे आकृतीला जोडाच्याच प्रतलात हात पसरावे लागतात. जुन्या शिपायांची ती चपटी, चित्रासारखी ऐट त्यातून आली आहे. साचा झिजत जातो तसे तपशील मऊ पडतात आणि जोडावर धातूचे पापुद्रे वाढतात, त्यावरून ओतीव नग आधीचा की नंतरचा हे कळतं. माझ्या स्वारांत दोघे नव्या साच्यातले असावेत. त्यांच्या पगडीचा एकेक पेच मोजता येत होता. कमरेच्या शेल्याची गाठ होती आणि गाठीखाली कट्यारीची मूठ. शिल्पकाराने कुठलं तरी जुनं चित्र समोर ठेवून, वेळ काढून ही मूठ कोरली होती. एनॅमलखाली ती नुसता एक उंचवटा होती.

सगळे असे नशीबवान नसतात. काहींच्या अंगावर पांढरी भुकटी धरलेली असते. याला इथे ‘लेड रॉट’ म्हणतात. लाकडातून, विशेषतः ओकच्या कपाटातून, तसंच काही पुठ्ठ्यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते. ती शिशाला खाते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून शिशाचं कार्बोनेट तयार होतं आणि आम्ल पुन्हा मोकळं होऊन पुढचं शिसं खायला लागतं. म्हणून एकदा लागलेली कीड आपोआप थांबत नाही. चित्रकारांचा पांढरा सफेदा पूर्वी युरोपात याच क्रियेने मुद्दाम बनवत. मातीच्या भांड्यांत व्हिनेगर, त्यावर शिशाचे पत्रे आणि भोवती शेणखताची ऊब. हौसेने केलेलं सुंदर काचेचं ओकचं कपाट आतल्या फौजेचा घात करतं, हे संग्राहकांना मी पुन्हा पुन्हा सांगते. पत्र्याचं कपाट घ्या. भुकटी विषारी असते. ती ओल्या ब्रशने, तोंडाला मास्क लावून काढायची, कोरडी कधीच उडवायची नाही. कीड खोल गेली असेल, तर हाताखाली कान किंवा बोटं गळून येतात आणि तिथे काही करता येत नाही.

कानशीही ओलीच चालवायची. जुन्या मिश्रधातूत शिसं भरपूर, सोबत कथील आणि अँटिमनी. 1990च्या दशकात बहुतेक मोठ्या कंपन्या शिसं सोडून कथिलाच्या मिश्रणाकडे वळल्या. ते कडक आणि झळाळतं असतं. जुनं शिसं काळपट, मऊ, हातात जड. मऊ असल्यामुळे वाकलेली तलवार बोटांनी सरळ होते, पण तीच दोनदा-तीनदा वाकवली की तुटते. म्हणून ओतीव भाला मी ठेवतच नाही. मुठीतून हातड्रिलने आरपार भोक पाडायचं, पितळेची तार घालायची, तिचं टोक ऐरणीवर ठोकून चपटं करायचं आणि कानशीने पात्याचा आकार द्यायचा. हा भाला खेळताना वाकत नाही. निखळलेल्या स्वाराच्या आणि घोड्याच्या सांध्यातही अशीच तारेची खुंटी जाते. नुसत्या गोंदावर भरवसा ठेवलेली फौज पहिल्या धक्क्याला पायउतार होते.

गेलेला भाग पुन्हा घडवायला दोन भागांची इपॉक्सी पुट्टी असते. निळी आणि पिवळी पट्टी मळली की हिरवी होते. पट्ट्या जिथे एकमेकींना चिकटलेल्या येतात, तिथली मधली रेघ आधीच कडक झालेली असते. ती कापून टाकली नाही, तर पुट्टीत खडे राहतात. मळल्यानंतर तासभर ती हातात असते. हत्यार पाण्याने ओलं ठेवून तिला नुसतं ढकलायचं, टोकरायचं नाही. एका घोड्याचं शेपूट आणि एका शिलेदाराच्या पगडीची मागची बाजू मी अशी भरली. भरताना शेजारच्या स्वाराची पगडी सतत समोर ठेवली, कारण पेच कुठून कुठे जातात हे त्या शिल्पकाराने ठरवलं होतं. मला जास्त चांगली पगडी सुचली तरी ती इथे बसवायची नाही.

आता रंग. इतक्या छोट्या देहावर खोलीतला उजेड पुरेशा सावल्या पाडत नाही. अंगरख्याच्या घड्या धातूत असल्या तरी हातभर अंतरावरून सपाट वाटतात. म्हणून उजेड आणि सावली दोन्ही रंगानेच घालावी लागतात. घडीच्या खोबणीत गडद, उंचवट्यावर उजळ, आणि दोन्ही खऱ्यापेक्षा जास्त. रंग पाणी घालून पातळ करायचा आणि थरावर थर द्यायचा, घाई केली की पुन्हा तोच जाड लेप होतो. ब्रश कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या केसांचा. विन्सर अँड न्यूटनची ‘सिरीज 7’ ही मालिका राणी व्हिक्टोरियासाठी 1866मध्ये बनली, आणि रंगवणारे आजही तिच्यावरच भरवसा ठेवतात. नवशिके सर्वांत बारीक ब्रश मागतात. मी एक नंबर वापरते. त्याचं पोट रंग धरून ठेवतं आणि टोक सुईसारखं राहतं. तीन शून्यांच्या ब्रशवरचा रंग डोळ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो.

पांढरा अंगरखा पांढऱ्याने सुरू करत नाही. राखाडी-बदामी पाया, आणि शुद्ध पांढरा फक्त घडीच्या कडेवर. पगडीच्या लालला उजळायला पांढरा घातला की ती गुलाबी होते, म्हणून नारिंगी घालते. आणि चेहरे. त्या गुलाबी चेहऱ्यांना आपल्या मुलखाचा रंग द्यायचा होता आणि जुन्या मार्गदर्शक पुस्तकांचा इथे उपयोग नव्हता. तपकिरीत पांढरा मिसळला की कातडी राखेसारखी, आजारी दिसते. लालसर गडद तपकिरीपासून सुरुवात करून उजेड पिवळ्या मातीच्या रंगाकडे न्यायचा. गालाचं हाड, नाकाचा शेंडा, बोटांची पेरं. खालच्या ओठाला जांभळट छटा. उन्हात तापलेला, घामेजलेला देशावरचा चेहरा असाच असतो, आणि तो बरोबर साधला की डोळे नुसते दोन गडद ठिपके असले तरी माणूस समोर बघतो.

घोडे मूळचे जरा थोराड, इंग्रजी बांध्याचे. भीमथडीचं तट्टू याहून लहान आणि काटक. ते आता बदलता येत नाही, पण रंग माझ्या हातात होते. एक कुमाईत, एक अबलख, एक पंचकल्याणी. ब्रिटिश रिसाल्याचे घोडे रंगवताना एका तुकडीला एकसारखा रंग देतात. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, त्यामुळे त्याच्या पथकात घोडे मिश्रच हवेत. पगड्याही एका रंगाच्या केल्या नाहीत.

शेवटी आधी चकचकीत वार्निश, टिकाऊपणासाठी, आणि त्यावर मॅट, नजरेसाठी. मॅटचा स्प्रे दमट हवेत मारला तर पांढरं धुकं बसतं, आणि इथे दमट हवा वर्षभर असते, म्हणून मी तो ब्रशनेच लावते. पायथ्याला असईची काळी माती आणि सप्टेंबरचं ओलं गवत. मग बैठक उलटी करून पक्क्या शाईने लिहिते: शिसं आहे, भाला पितळेचा, पगडीची मागची बाजू नव्याने घडवलेली, खालचा रंग ॲक्रिलिक, डेटॉलने उतरतो. सोबत वर्ष. पुढे कुणाला माझा रंग पटला नाही, तर तो काढताना त्याला काय कुठे आहे ते कळावं. डब्यातला एक गोलंदाज मात्र मी उतरवला नाही. त्याचाही चेहरा गुलाबीच आहे, पण त्याच्या शेल्यावर कुणीतरी एका केसाच्या टोकाने पट्टे ओढलेत आणि ते अजून सरळ आहेत. तो तसाच तोफेपाशी उभा राहतो, माझ्या स्वारांच्या शेजारी, आणि तसाच खेळायला येतो.