सन्नतीची शिला

बसवकल्याणच्या दक्षिणेस, कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आहे. तेथील चंद्रलांबा ही कित्येक मराठी घराण्यांची कुलदेवता. १९८६ साली तिच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालची शिला चक्क अशोकाचा लेख निघाली! मूर्ती बसविण्यासाठी मधोमध पाडलेल्या खाचेत काही अक्षरे कायमची गेली. उरलेल्यांत बारावा आदेश आहे: स्वपंथाच्या अभिमानापोटी परपंथाची निंदा करू नये. देवीचे आसन होऊनच तो टिकला, हे विलक्षण खरे.

जवळच, शेतांच्या हिरवाईत, कनगनहळ्ळीचा बौद्ध महास्तूप आहे. कुलदेवतेचे दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी थोडेच तिकडे वळतात. तेथील एका शिल्पात राजा-राणी कोरलेली असून, ब्राह्मी लिपीत नाव आहे: ‘राया असोको’.