दोन बिऱ्हाडांचा केर

आमच्या भिवंडीत माणसाला घड्याळ लागत नाही. यंत्रमागांची खटखट सुरू असली की वीज आहे आणि एकाएकी सामसूम झाली की ती गेली, एवढे बिछान्यात पडल्यापडल्याही कळते. पाहुण्यांना ह्या आवाजाने झोप येत नाही. आम्हाला तो थांबला की जाग येते!

माझ्या आईचे तसेच होते. माग थांबले की तिला गाणे सुचे. लहानपणी जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या ती अशा वेळी खिडकीशी बसून गुणगुणत असे. तिच्या शेवटच्या वर्षी मला सद्बुद्धी सुचली आणि वीज गेली की मी मोबाइल तिच्यापुढे ठेवू लागलो. अशी त्रेचाळीस मुद्रणे झाली. काही नुसत्या आवाजाची, काही चित्रासकट. ती सगळी मी घरच्या काँप्युटरवर ‘आई’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. पुढे आई गेली. फोल्डर राहिला.

तो फोल्डर मी स्वतःच्या हाताने केरात टाकला, त्याची ही हकीगत.

आधी आमच्या काँप्युटरची ओळख करून द्यायला हवी. त्यात दोन बिऱ्हाडे नांदतात. मूळचे बिऱ्हाड विंडोजचे. दुसरे आमच्या भाच्याने आणून बसवलेले, उबंटूचे. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. त्यावर उभारलेली उबंटू ही प्रणाली २००४ साली निघाली आणि ती फुकट मिळते. फुकट हा शब्द ऐकल्यावर मी हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता! यंत्र सुरू केले की पडद्यावर दोन्ही नावे येतात. हवे ते दार उघडून आत जायचे. दोघांच्या खोल्या वेगळ्या, पण ‘डी’ नावाची पडवी सामाईक. आईचा फोल्डर त्या पडवीत होता.

एके दिवशी ही पडवी भरत आली. त्या वेळी मी विंडोजमधून ‘रिस्टार्ट’ करून उबंटूत आलो होतो. पाहतो तो ‘आई’ आणि ‘आई - प्रत’ असे दोन फोल्डर! एकच वस्तू दोनदा कशाला, असा विचार करून मी पहिला उचलला आणि कचरापेटीत टाकला. घर आवरल्याचे समाधान घेऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये ‘प्रत’ उघडली. आत सहाच ओव्या! मग आठवले. प्रत काढत असतानाच एकदा वीज गेली होती. उरलेल्या सदतीस ओव्या मूळ फोल्डरमध्येच होत्या, आणि तो मी टाकून बसलो होतो.

घाम पुसत विंडोजचे ‘रिसायकल बिन’ उघडले. रिकामे. काँप्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला, उबंटूत शिरलो आणि तिथली कचरापेटी उघडली. तीही रिकामी! त्या रात्री मी जेवलो नाही. पोट बरे नाही असे सांगितले. सौ.ने ताट झाकून ठेवले आणि काही विचारले नाही. तिला बहुधा कळले असावे.

सकाळी, निदान जागा तरी मोकळी करावी, म्हणून विंडोजमधून पडवी आवरायला बसलो. तिथे एक विचित्र नावाचा फोल्डर दिसला. आधी टिंब, मग इंग्रजीत ‘ट्रॅश’, मग आडवी रेघ आणि १०००. ट्रॅश म्हणजे कचराच की! न उघडताच तो कायमचा पुसावा म्हणून शिफ्ट आणि डिलीट ह्या दोन कळांवर बोटे नेली, इतक्यात चहा घेऊन आलेली सौ. म्हणाली,

“अहो, परवा एवढं टाकलंत, तरी जागा वाढलेली कशी दिसत नाही?”

माझे बोट जागच्या जागी थांबले. आईचा फोल्डर अकरा जीबींचा होता. तो खरोखर गेला असता तर तेवढी जागा मोकळी व्हायला हवी होती. ती झाली नव्हती. म्हणजे माल घरातच कुठेतरी होता! मी पुण्याला भाच्याला फोन लावला.

“मामा, फोल्डर कुठल्या बिऱ्हाडात बसून टाकलात?”

“उबंटूत.”

“मग विंडोजच्या केराच्या टोपलीत कसा सापडेल? दोघांच्या टोपल्या वेगळ्या!”

तो जे बोलला ते वाचकांच्याही कामाचे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. टाकलेली फाइल लगेच नष्ट न करता बाजूला ठेवण्याची सोय जुनी आहे. १९८३ सालच्या ॲपलच्या ‘लिसा’ यंत्रावर ती होती. विंडोजमध्ये ‘रिसायकल बिन’ १९९५ साली आले. पण टोपली म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. ज्या ड्राइव्हवरची फाइल, त्याच ड्राइव्हवरचा तो एक साधा फोल्डर. विंडोजचा फोल्डर डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो आणि एरवी लपलेला असतो. त्यात प्रत्येक वापरणाऱ्याचा वेगळा कप्पा असतो. टाकलेल्या प्रत्येक फाइलची तिथे जोडी होते. एकात माल, दुसरीत तो कुठून आला आणि केव्हा टाकला ह्याची नोंद.

उबंटूची रीत तशीच, फक्त मांडणी निराळी. सामाईक ड्राइव्हवर ती ‘ट्रॅश’ नावाचा फोल्डर करते. १००० हा वापरणाऱ्याचा क्रमांक. घरात दुसऱ्या कोणाचे खाते असेल तर त्याच्या नावे १००१ होतो. आत दोन कप्पे, ‘फाइल्स’ आणि ‘इन्फो’. पहिल्यात माल, दुसऱ्यात चिठ्ठ्या. एक बिऱ्हाड दुसऱ्याच्या टोपलीला ओळखतच नाही. म्हणून विंडोजला सगळे स्वच्छ दिसते आणि जागा मात्र अडलेली राहते!

“पण उबंटूतही टोपली रिकामी होती की रे!”

“मामा, त्या वेळी डी ड्राइव्ह उघडला होतात का?”

नव्हता उघडला. उबंटूत असा ड्राइव्ह बहुधा आपण टिचकी मारल्यावरच जोडला जातो, आणि न जोडलेल्या ड्राइव्हवरचा केर टोपलीत दिसत नाही. पडवीचे दार लावून घेतल्यावर पडवीतले काय दिसणार!

मी थरथरत्या हाताने ‘ट्रॅश’ फोल्डर उघडला. त्यात ‘फाइल्स’ आणि ‘फाइल्स’मध्ये ‘आई’. भाचा म्हणाला, “आधी त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, बाकीचं नंतर.” सोने सापडले की आधी गाठीला बांधावे!

मग तो रीतसर जागेवर ठेवायला उबंटूत गेलो. ड्राइव्ह उघडला, टोपलीत ‘आई’ दिसला, ‘पूर्ववत करा’ म्हटले, तो नकार! ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही, असा निरोप. पुन्हा फोन. ह्याचे कारणही मोठे मजेदार निघाले. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असली की ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पुरते झोपत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून एक डोळा उघडा ठेवून पडते. मालक अर्धवट जागा असताना त्याच्या सामानाची हलवाहलव करणे धोक्याचे, म्हणून लिनक्स लिहिण्याचे नाकारते. ‘रिस्टार्ट’मध्ये मात्र विंडोज पुरते बंद होते. फोल्डर टाकला त्या दिवशी मी ‘रिस्टार्ट’ करून आलो होतो, आज ‘शट डाउन’ करून. मी परत विंडोजमध्ये गेलो, ‘रिस्टार्ट’ करून उबंटूत आलो आणि ‘आई’ आपल्या जागी परतली. ही सोय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बंदही करता येते. मी केली आहे.

आमच्या ओळखीच्या एका गोदामातल्या हिशेबनिसाला निराळाच त्रास झाला. त्याने उबंटूतून विंडोजच्या टोपलीतले कप्पे हलवले. पुढे विंडोज सुरू करताच डी ड्राइव्हवरचे ‘रिसायकल बिन’ बिघडले आहे, ते रिकामे करू का, असा प्रश्न येऊ लागला. अशा वेळी घाबरू नये, आणि घाईने ‘हो’ही म्हणू नये. टोपलीतले हवे ते आधी बाहेर काढावे. मग तो बिघडलेला फोल्डर पुसला तरी चालतो. विंडोज नवा आपोआप तयार करते.

थोडक्यात काय, ज्या बिऱ्हाडात टाकले त्याच बिऱ्हाडात शोधावे, आणि तिथलीच टोपली तिथूनच रिकामी करावी. ‘कचरा’ नावाच्या फोल्डरमध्ये कचराच असतो असे समजू नये. शिफ्ट आणि डिलीट ह्या जोडीशी मैत्री नको, कारण त्या वाटेने गेलेली वस्तू टोपलीत थांबत नाही. नव्या प्रकारच्या एसएसडीवर तर ती परत मिळण्याची आशा फारच थोडी. आणि टोपली ही काही तिजोरी नव्हे. जपायच्या वस्तूची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी, आणि ती पुरी उतरली की नाही हे उघडून पाहायला हवे. माझी सहा ओव्यांची ‘प्रत’ आठवा!

आता आईच्या ओव्या तीन ठिकाणी आहेत. एक प्रत भाच्याकडे पुण्याला आहे.

त्या संध्याकाळी वीज गेली. माग थांबले. मी पेनड्राइव्हवरून मोबाइलवर उतरवून घेतलेली एक ओवी लावली. आई गात होती. मध्येच मुद्रणात खटखट सुरू झाली. त्या दिवशी वीज परत आली होती. आई थांबली आणि म्हणाली, “आली बाई वीज. आता पुरे.”

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने सवयीने दिव्याचे बटण दाबले. दिवा काही लागला नाही. आम्ही दोघे अंधारातच बसून राहिलो आणि मी पुढची ओवी लावली.