‘पान लागलं’ ऐकल्यावर सिस्टरने काय करायचं?

पावसाळ्यातली रात्र. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी रिक्षातून एका बाईला उतरवतात आणि सोबतचा माणूस घाईघाईने सांगतो, ‘‘सिस्टर, हिला पान लागलंय.’’ सिस्टर इथली असेल तर तिचे हात लगेच कामाला लागतात. पण बीड किंवा अमरावतीकडून शिकायला आलेली विद्यार्थिनी असेल, तर तिच्या डोळ्यांपुढे विड्याचं पान येतं. कोकणात सापाचं नाव घेणं टाळतात. साप चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात हे सापडणार नाही.

जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बीएस्सीचा चार वर्षांचा. इंजेक्शन कुठे टोचायचं, सलाइनचे थेंब कसे मोजायचे हे आधी पुतळ्यावर शिकवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र पुतळा कण्हत नाही, त्याला घाम फुटत नाही आणि त्याच्याभोवती आठ नातेवाईक उभे नसतात. शिकलेलं आणि वॉर्डात दिसणारं यांतल्या या दरीबद्दल अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये ‘रिअॅलिटी शॉक’ नावाचं पुस्तकच लिहिलं. नव्या मुली हुशार असूनही गोंधळतात, काही जणी व्यवसायच सोडतात, हा त्यांचा विषय. आपल्याकडे या धक्क्याला ‘होईल सवय’ असं म्हणून वाटेला लावतात. सवय होतेही, पण तोवर समोरच्या पेशंटचं काय?

सर्पदंशाचंच घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं आणि घोणस या दोन्हींचं विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायची चाचणी अगदी साधी आहे: शिरेतलं दोनेक मिली रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पातळ वाहिलं तर विष भिनलंय. हे काम बहुधा सिस्टरच्याच हाती येतं आणि चूकही इथेच होते. नळी प्लास्टिकची घेतली किंवा साबणाने धुतलेली असली, तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही; काचेचा पृष्ठभागच गोठण्याची क्रिया सुरू करून देतो. कारण माहीत असलेली मुलगी नळी विचारून घेते. नुसती कृती पाठ केलेली मुलगी हाताला येईल ती नळी उचलते.

पुढे प्रतिविष. सुरुवातीलाच साधारण दहा बाटल्या लागतात. भुकटी पाण्यात विरघळवताना बाटली हळूच फिरवायची, खळाखळा हलवली की फेस होतो. मूल असलं म्हणून मात्रा कमी करायची नाही, कारण साप लहान मुलाला कमी विष टोचत नाही. प्रतिविषाची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रिनलिन आधीच सिरिंजमध्ये भरून हाताशी हवं. रात्रपाळीत दोनच माणसं असताना कोण काय करणार, याची तालीम आधी झालेली असली तर वेळ वाचतो.

विंचवाची गोष्ट आणखी शिकवणारी आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून त्यांनी तासातासाच्या नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही हृदयावर ताण येत असल्याची पूर्वसूचना असते, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा वापर रुळला आणि चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एखाद्या टक्क्यावर आले. जो पेशंट कळ मारते म्हणून आरडाओरडा करतोय पण ज्याचे हातपाय गरम आहेत, त्याच्याबाबत घोर कमी. कोपऱ्यात गप्प पडलेलं, घामाने भिजलेलं, गार पोर धोक्यात असतं. नवी विद्यार्थिनी ओरडणाऱ्याकडे आधी धावते. तिचा हात शांत पेशंटच्या पावलाकडे जायला लावणं, हे शिक्षिकेचं काम.

आणि मग बोलणं. रात्री डॉक्टरांना फोन करायला विद्यार्थिनी कचरतात, केलाच तर ‘‘सर, पेशंट बरा वाटत नाही’’ एवढंच म्हणतात. त्याऐवजी ‘‘सहा वर्षांचा मुलगा, दोन तासांपूर्वी विंचू चावलाय, तीन उलट्या झाल्या, हातपाय गार, नाडी १४०, तुम्ही लगेच या’’ असं सांगितलं तर डॉक्टर खाटेवरून उठतातच. हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणून घ्यायला हवं, एकदा नाही, वीसदा. हसू येतं पहिल्यांदा, येऊ दे.

सुई टोचली तर ती लपवायची नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगावं. जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही आणि लगेच कळवायचं; एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. रागावतील या भीतीने मुली गप्प राहतात. ती भीती विद्यार्थिनीची नसते, वॉर्डाने तयार केलेली असते.

भातलावणी सुरू झाली की गडग्यांच्या कडेने, जांभ्याच्या फटींतून विंचू-साप बाहेर पडतात. प्रशिक्षणाची पाळी त्या आठवड्यांत लागली तर त्याआधीचा एक दिवस वॉर्डातल्या जुन्या मावशींकडे काढावा आणि लोक कुठल्या दुखण्याला काय म्हणतात ते वहीत उतरवून घ्यावं. त्या वहीत पहिला शब्द ‘पान’ असेल.